उंबऱ्याबाहेरचे राळे

आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता आहे का, ते सांगता येत नाही.

आम्ही मूळचे वळसंगचे. आता कुंभारीत विडी कामगारांच्या घरात राहतो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. माझी धाकटी जाऊ रेखा बाळंतपणात गेली. लई रक्त गेलं. मुलगी वाचली.

बाळंतीण गेली की ती हडळ होऊन परत येते, असं आमच्यात मानतात. म्हणून सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, स्मशानापासून दारापर्यंत राळे टाकले. राळे म्हणजे मोहरीएवढं बारीक धान्य. सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही. शिवाय उंबऱ्यात खिळे ठोकले, म्हणजे आत येणं बंद.

पोरगी बाटली तोंडात धरेना. चमच्यानं पाजलं तर ओकायची. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. शेजारची पूजा कॉलेजात जाते. राळ्यांचं ऐकून तिनं मोबाईलवर सुळेवाल्या माणसाचं चित्र दाखवलं. "काकू, ह्याला व्हॅम्पायर म्हणतात." मेलेला असतो पण उठून येतो, जिवंत माणसाचं रक्त पितो, आणि पुढ्यात दाणे टाकले की मोजत बसतो म्हणे.

"म्हंजी तिकडंबी राळंच टाकत्यात की," आत्या म्हणाल्या. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

उन्हाळा होता, म्हणून पोरीची झोळी उंबऱ्याबाहेर पडवीत बांधली होती. एका दुपारी मी कारखान्यात विड्या देऊन परत आले. आत्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून झोपल्या होत्या. पोरगी पहिल्यांदाच शांत निजलेली... ओठाच्या कडेला दूध. उचलून घेतली तर अंगावरच्या दुधाचा वास. पावडरच्या दुधाचा नव्हे. बाटली भरलेली तशीच होती. आणि उंबऱ्याबाहेर राळ्यांची छोटी रास, निवडून ठेवल्यासारखी स्वच्छ. मुंग्यांचं काम म्हणावं, तर मुंग्या दाणा बिळात नेतात, दारात आणून ठेवत नाहीत.

असं काही दिवस चाललं. पोरीच्या गालावर रंग यायला लागला. मग एकदा आत्यांनी ती रास बघितली. लेकराचं रक्त प्यायला येती ती, म्हणाल्या. झोळी आत नेली, रास उधळली, दार लावून घेतलं. त्यांनीही पोरीला उचलून घेतलं होतं, वास त्यांनाही आला असणार. मला सांगायचं होतं, पण मी खाली मान घालून विड्या वळत बसले.

पोरगी दाराकडे तोंड करून रडायची. पुढे रडायचंही थांबलं. सोलापूरला दवाखान्यात सलाईन लावलं. तिथं शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं दया येऊन तिला एकदा पाजलं. आत्यांनी पोरगी परत घेतली, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"पाजायला आलती गं ती," त्या मला म्हणाल्या. "प्यायला न्हाई."

घरी आल्या आल्या त्यांनी पक्कड घेऊन स्वतः खिळे उपटले. झोळी पुन्हा पडवीत बांधली. आम्ही दोघी दुपारभर दार उघडं टाकून बसलो. उधळलेले राळे जिथल्या तिथं पडून होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. हळूहळू ते चिमण्यांनी खाल्ले.

पोरगी जगली. पावडरच्या दुधावर वाढली, अंगानं बारीकच आहे. तेव्हा तिच्या ओठाला दूध कुणाचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारणार तरी कुणाला...

आत्या रेखाला कायम 'धाकटी' म्हणायच्या. नावानं कधीच नाही. खिळे उपटले त्या दुपारी ऊन उतरायला लागलं, तेव्हा त्या उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "रेखा, ये गं आत."

कुणी आलं नाही.