स्वतःलाच घाबरणारं विमान

टेस्ट पायलटने हवेतच आमचा डबा बंद केला आणि रेडिओवर तसं सांगूनही टाकलं. सोबत एक शिवी दिली. आमच्या रिपोर्टमध्ये तिचं रूपांतर 'पायलटने असमाधान व्यक्त केले' यात झालं.

डबा म्हणजे रडार वॉर्निंग रिसीव्हर. लढाऊ विमानाचे कान म्हणा. शत्रूच्या रडारने विमानावर नेम धरला की हा डबा पायलटच्या कानात ओरडतो आणि आपोआप चाफ सोडतो. चाफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेले, केसासारखे बारीक तंतू. त्यांचा ढग पसरला की समोरच्या रडारला विमान कुठलं आणि ढग कुठला ते कळेनासं होतं.

जुन्या विमानाचं अपग्रेड चाललं होतं. नवं रडार बेंगळुरूच्या एका कंपनीचं, नवे कान आमचे, म्हैसूरचे. दोन्ही गावांमध्ये उत्तम रस्ता आहे. दोन्ही कंपन्यांमध्ये मात्र बोलायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी आभाळ रिकामं होतं. तरी डबा सतत ओरडत राहिला आणि सगळा चाफ कुणीही नसलेल्या दिशांना उधळून मोकळा झाला. कॉकपिटचं रेकॉर्डिंग मी लॅबमध्ये ऐकलं. पहिल्या अलार्मला पायलटने विमान जिवाच्या आकांताने वळवलं होतं. त्या वळणात श्वास कोंडल्याचा आवाज येतो, तो हेडफोनमधून ऐकायला बरा वाटत नाही. तो माणूस काही क्षण खरोखर मरणाला चुकवत होता, आणि मरण आमच्या डब्याने बनवलेलं होतं.

बेंगळुरूवाल्यांनी मेलवर कळवलं की दोष आमचा. आमच्या शिवण्णा सरांनी कळवलं की दोष त्यांचा. माझ्या माहेरचे मूळचे रंगारी, म्हैसूरच्याच लष्कर मोहल्ल्यातले. रंग फुटला की कापडाला बोल लावायचा, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे मेल वाचताना घरच्यासारखं वाटलं.

रेकॉर्डिंग तपासल्यावर कळलं की डबा ज्याला शत्रू समजत होता ते आपल्याच विमानाचं रडार होतं. असं होऊ नये म्हणून एक सोय असते. रडार बोलण्याआधी कानाला इशारा देतं: आता मी बोलणार, तू क्षणभर कान झाक. त्या इशाऱ्याला ब्लँकिंग म्हणतात. इशारा उशिरा येत असावा, असा माझा संशय होता. पण तो सिद्ध करायला बेंगळुरूचं रडार आमच्या डब्याशेजारी ठेवून मोजायला हवं होतं. म्हणजे दोन जनरल मॅनेजरांनी फोनवर बोलायला हवं होतं. त्यापेक्षा मिसाइल चुकवणं सोपं.

शिवण्णा सरांकडे दुसरा उपाय तयार होता. आपल्या रडारची फ्रिक्वेन्सी डब्याच्या दुर्लक्ष यादीत टाकायची. तो आवाज आला की डबा गप्प. दुपारभराचं काम, रिव्ह्यू मीटिंगही सांभाळली जाणार.

सांगितलं म्हणून पॅच टाकला. मग लॅबमधल्या सिम्युलेटरवर शत्रूचं रडार त्याच फ्रिक्वेन्सीवर लावलं आणि विमानावर नेम धरायला सांगितला. डबा गप्प. स्क्रीन इतकी शांत की वर कुंकू लावून पूजा करावी.

मी सरांना बोलावून दाखवलं.  ते म्हणाले, शत्रूला नेमकी तीच फ्रिक्वेन्सी कशाला सुचेल? मी म्हटलं, सर, त्याचं कामच ते आहे.

"भारती, रिव्ह्यूमध्ये सुम्मने इरी," ते म्हणाले. गप्प बसा, एवढाच अर्थ. पण कन्नडमध्ये तो फार मायेने सांगता येतो. जाता जाता त्यांनी आठवण करून दिली की पुढच्या प्रोजेक्टचा लीड अजून ठरायचा आहे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आहे. त्याने विचारलं की तू नाही बोललीस तर कुणाला कळेल का? मी म्हटलं, कळेल की, पायलटला. पण शेवटी. 

रिव्ह्यूला तोच टेस्ट पायलट आला. विंग कमांडर राठोड, मी कल्पिला होता त्यापेक्षा हळू बोलणारा माणूस. शिवण्णा सरांनी स्लाइड दाखवली: अलार्म शून्य. टाळ्या पडल्या. राठोडांनी विचारलं, अलार्म गेले कसे? सर म्हणाले, अल्गोरिदम ऑप्टिमायझेशन. हे दोन शब्द बहुतेक मीटिंगांत पुरतात. राठोडांना पुरले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, आता डबा शांत असेल तेव्हा मी काय समजायचं?"

 मी म्हटलं, "एक तर जवळपास कुणी नाही. किंवा आहे, आणि डब्याने ऐकायचं सोडलंय. यातलं कुठलं, ते तुम्हाला डबा सांगू शकणार नाही."

कुणी तरी चहा आणायला सांगितला. राठोडांनी तो घेतला नाही. या पॅचसह मी उडणार नाही, तसं लिहूनही देतो, एवढंच म्हणाले.

लेखी नकाराची जादू मोठी. जनरल मॅनेजरांना एकमेकांचे फोन नंबर लगेच सापडले. बेंगळुरूचं रडार टेम्पोतून म्हैसूरला आलं, सोबत त्यांची सुमती नावाची इंजिनिअर. दोन्ही सिग्नल आम्ही ऑसिलोस्कोपच्या एकाच पडद्यावर पाहिले. रडारच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोड वाढवला होता, आणि त्यात इशारा बोलण्याच्या किंचित नंतर निघत होता. सुमती पडद्याकडे बघत म्हणाली, "आमचंच आहे." या धंद्यात हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलंय.

इशारा लवकर निघू लागला आणि माझा पॅच मी स्वतः पुसला. पुढच्या उड्डाणात आपलं रडार चालू असताना डबा शांत राहिला. सोबतच्या विमानाने ठरल्याप्रमाणे मागून नेम धरला, तेव्हा लगेच ओरडला. रेडिओवर राठोड म्हणाले, "ऐकू आलं."

शिवण्णा सरांना 'इंटर-एजन्सी समन्वया'बद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. प्रोजेक्ट लीड दुसऱ्याला मिळालं. माझ्यात म्हणे टीम स्पिरिट कमी आहे.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते. अलार्म थांबवायचे दोन रस्ते असतात: त्याचं कारण काढून टाकायचं, किंवा त्याचा आवाज काढून टाकायचा. दुसरा नेहमी वेळेत पूर्ण होतो. तो सुचवणारा विमानात बसत नाही.