शंभर डोकी

"चल रे, डोकं दे!" असं म्हणत काकी दारात उभी राहिली की आमच्या गावात भल्याभल्यांची पळापळ व्हायची. डोकं चालवा असं तिचं म्हणणं कधीच नसे. "बोलू नको, इचार करू नको, नुसता बसून ऱ्हा," एवढीच तिची अट. ग्रामसभेला शंभर डोकी लागतात, नाहीतर गणपूर्ती होत नाही आणि सभा तहकूब होते, हे तिला कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून डोकी गोळा करण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. ती सरपंच नव्हती, मेंबरही नव्हती. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, लांबून दिसली तरी तुम्ही वाट बदलत असाल.

एकदा तिने न्हाव्याच्या खुर्चीतून एकाला उठवून आणलं, एका गालावर साबण तसाच. एकदा लांज्याहून आलेले माझे सासरे ओटीवर चहा पीत होते, त्यांना कपबशीसकट घेऊन गेली. अर्धी सभा झाल्यावर ग्रामसेवकाने विचारलं, हे कोण?

"पावणे हायत," काकी म्हणाली. "पण डोकं हाय ना?"

सासऱ्यांना उठावं लागलं, पण ते खूश होते. आमच्या घरी त्यांना इतक्या आग्रहाने कुणी बसवलंच नव्हतं.

सभा सुरू झाली की ती दाराशीच फतकल मारायची. कुणी "जरा जाऊन येतो" म्हणाला की म्हणायची, "जा, पण चप्पल हितं ठेव." मे महिन्यात तापलेल्या कातळावर अनवाणी माणूस किती लांब जाणार? बिचारा परत यायचा.

हा सगळा वेडेपणा कुठून आला, तेही सांगतो. काकीची वाडी वर, सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठाराच्या कडेला. तिथल्या बायका खालच्या विहिरीवरून पाणी न्यायच्या. नळपाणी योजनेचा विषय दरवेळी निघायचा आणि दरवेळी माणसं कमी म्हणून सभा तहकूब व्हायची. शेवटी एका वर्षी काकीने वाडीतली यच्चयावत माणसं खाली उतरवली. पदर खोचून ती उभी राहिली आणि म्हणाली, "आता मोजा." ठराव झाला, पुढे नळ आला. तिने त्या नळाला हळदकुंकू लावलं. डोकी जमली की काम होतं, ही तिची श्रद्धा तेव्हापासूनची.

मग शहराची हद्दवाढ निघाली. आमचं गाव शहराला चिकटलेलं, तेव्हा ते नगरपरिषदेत घ्यायचं म्हणे. गावात रोज भांडणं. ज्यांची जमीन रस्त्याला लागून त्यांचे डोळे लकाकले, बाकीच्यांना घरपट्टीची धास्ती. चहाच्या टपरीवर सख्खे भाऊ एकमेकांना पाठ करून बसू लागले.

"काकी, गटारं होतील, रस्त्यावर दिवे येतील. तुला काय वाईट आहे?" रस्त्याकडच्या एका बागायतदाराने तिला विचारलं.

"दिवे येऊ देत रे. पण नळ बंद झाला तर मी उठून सांगायचं कुठं?"

"नगरसेवक असतो ना!"

"तो सभेत बोलणार. आनी मी?"

  ग्रामसभेत कुणीही उठून बोलू शकतो, नगरपरिषदेच्या सभेत निवडून आलेलेच बोलतात. आम्हा शिकलेल्यांना घरपट्टीपलीकडे काही दिसत नव्हतं, तिला एवढी एकच गोष्ट दिसत होती.

हद्दवाढीवर खास ग्रामसभा लागली. काकी आठवडाभर पाखाड्यांच्या दगडी पायऱ्या चढत-उतरत होती. त्या दिवशी हॉल भरला, ओटा भरला, माणसं खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. एवढी सभा आमच्या गावाने कधी पाहिली नव्हती. विरोधाचा ठराव एकमताने झाला. तो बागायतदारसुद्धा हात वर करून बसला, कारण काकी त्याच्याकडे बघत होती. घरी जाताना ती चक्क गाणं गुणगुणत होती.

पुढे हरकतींची सुनावणी झाली. साहेबांनी ठराव हातात घेतला, काकीचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि "नोंद घेतली आहे" म्हणाले. काही महिन्यांनी गाव शहरात गेलं.

मला वाटलं, ही आता कोसळणार. पण ती दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हजर.

"तिथली सभा कधी असते? बोलू नाय दिलं तरी बसून ऐकीन. चल माझ्यासंगती."

आम्ही रिक्षाने कचेरीत गेलो. भाट्याच्या समुद्राकडून येणारा वारा जिन्यावर धूळ उडवत होता. सभागृहाला कुलूप होतं. बाकड्यावर शिपाई पेपर वाचत बसला होता.

"निवडणूक झालेली नाय आजी," तो म्हणाला. "नगरसेवक कोण नायत. प्रशासक हायत."

"मग ठराव कोण करतं?"

"साहेबच करतात."

"एकटे?"

"एकटेच."

काकी कुलपाकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आनी गणपूर्ती?"

शिपायाला प्रश्न कळला नाही. तो माझ्याकडे बघून हसला. मी तिचा हात धरला आणि जिना उतरलो. 

तिचा मुलगा डोंबिवलीला. किती वर्षं तो तिला बोलवत होता आणि "सभा कोण भरवील?" म्हणून ती जात नव्हती. त्या वर्षी गणपतीनंतर ती त्याच्याबरोबर गेली, कुणाचा निरोपही न घेता.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेलो. ती पलंगावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होती. मी सांगितलं, वरच्या वाडीतला नळ बंद पडलाय, बायका पुन्हा विहिरीवर जायला लागल्यात, आणि कुणाला सांगावं ते कुणालाच कळत नाही. आता ही उठेल, मला फैलावर घेईल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी त्यासाठीच एवढ्या लांब गेलो होतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

मग सुनेला हाक मारून तिने टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.