दोन रेषांच्या मधे

नवरा गेल्यावर त्याची शाळेतली नोकरी तिला मिळाली. प्रयोगशाळेत परिचर. शिक्षण आठवीपर्यंत. मुख्याध्यापकांनी बजावलं, "काचा फोडू नका, आणि मुलांसमोर तोंड उघडू नका."

चौदा वर्षं तिने दोन्ही पाळलं.

दरवर्षी ती पट्टीचुंबकावर कागद ठेवायची, मिठाच्या जुन्या डबीतून लोखंडाचा कीस भुरभुरायची आणि कागदाला टिचकी मारायची. कीस सरसर हलून वाकड्या रेषांत उभा राहायचा. मुलं वहीत आकृती काढायची आणि घंटा झाली की पळायची. तिला मात्र एक गोष्ट कुरतडत राहायची. दोन रेषांच्या मधे काय असतं?

शेवटी तिने जुन्या मास्तरांना विचारलं. त्यांची निवृत्ती महिन्यावर आली होती. त्यांनी बोटाच्या पेराएवढं होकायंत्र तिच्या हातावर ठेवलं. "मला काय विचारता? या सुईला विचारा."

मधल्या सुट्टीत ती चुंबक आणि कोरा कागद घेऊन बसली. डबा उघडलाच नाही. सुईच्या टोकाशी ठिपका, होकायंत्र तिथवर सरकवायचं, पुन्हा ठिपका. ठिपके जोडले की रेषा. मग तिने ते मुद्दाम दोन रेषांच्या मधे ठेवलं. सुई तिथेही वळली. तिथूनही रेषा निघाली. जिथे ठेवावं तिथून निघाली! म्हणजे रेषा म्हणजे चुंबकातून निघालेल्या तारा नव्हेतच. चुंबकाचा अंमल सगळ्याच जागेवर होता. त्या जागी सुई कुठे तोंड करेल, एवढंच रेषा सांगत होती. रेषा दाट तिथे जोर जास्त, विरळ तिथे कमी. किसाचे कण एकमेकांची शेपटी धरून उभे राहायचे, म्हणून नुसत्या रेषाच दिसायच्या.

घरी तिने लेकीला सांगितलं. लेक बारावीला.

"आई, हे परीक्षेत विचारत नाहीत."

"अगं, पण ऐक तरी..."

"मला वाचू दे ना."

मास्तरांच्या जागी नवे सर आले. वर्गाला म्हणाले, "रेषा आहे तिथे बल. मधे काही नाही."

तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, मधेही असतं. सुई ठेवून बघा ना."

वर्ग खिदळला. सरांचे कान लाल झाले. "मावशी, तुम्हीच शिकवा. मी फरशी पुसतो."

दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला गेला. तिने अर्धं पान लिहिलं आणि खाली आकृती काढली. कागद परत आला. आकृतीवर लाल शाईत शेरा होता, 'असंबद्ध'. तिने माफी मागितली. घरात पगार एकच होता.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळा बंद झाली. खोलीत पडदा लागला, प्रयोग पडद्यावर दिसू लागले. चुंबक पोत्यात फेकताना शिपायाला ती म्हणाली, "अरे, आपटू नको, जोर जातो त्यांचा." तो हसला. "भंगारात कोण जोर बघतंय, मावशी?"

तिला फाटकावर बसवलं. आत कुठलंही काम द्या, असा अर्ज तिने दोनदा केला. उत्तर आलं नाही.

लेक आता दुसऱ्या शहरात नोकरीला असते. रविवारी फोन करते.

"गोळ्या घेतेस ना? दिवसभर काय करतेस तिथे?"

"काही नाही गं. बसते."