चोचीतली सापसुरळी

खंड्या स्वतःसाठी शिकार करतो तेव्हा तिचं डोकं घशाच्या बाजूला धरतो आणि गिळून टाकतो. पिल्लांसाठी नेत असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे भरवताना घास पिल्लाच्या घशात डोक्याकडून सरळ जातो, पाय कुठे अडकत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, बघून बघून मला कळलं होतं, आणि त्याचा मला केवढा तोरा होता. नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी मी हौशी मंडळींना पक्ष्यांची फोटोग्राफी शिकवायचो. तिथे हे हमखास सांगायचो. "शिकारीचं डोकं बाहेर दिसलं की समजा, घरटं जवळ आहे. पक्षी पुन्हा पुन्हा तिथेच येणार. बूड टेकून बसा." लोक वहीत लिहून घ्यायचे. बँकेत तीस वर्षं काढली, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतंय असं निवृत्त झाल्यावरच पहिल्यांदा घडत होतं.

शिकवताना मी जरा जास्तच बोलायचो. कुणी साध्या लेन्सवर काढलेला पक्षी दाखवला की विचारायचो, "पक्षी कुठाय? की झाडाचाच फोटो आहे?" एका बाईंनी मोबाईलवर काढलेला भारद्वाज कौतुकाने पुढे केला, तर मी सगळ्यांदेखत म्हणालो की हा पुरावा म्हणून पोलिसांना चालेल. बाई पुढच्या रविवारी आल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. गर्दी कमी झाली तर बरंच, असं मला वाटायचं.

आणि तरी मी स्वतःला फार सभ्य फोटोग्राफर समजत होतो. फ्लॅश मारायचा नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, घरट्याला हात लावायचा नाही, जागेचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही. हे चार नियम मी पाळायचो आणि न पाळणाऱ्यांना फाडून खायचो.

माझ्याबरोबर नेहमी एकच माणूस असायचा. पनवेलच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. पंधरा वर्षं कुवेतला राहून आला तो येताना एक भलीमोठी लेन्स घेऊन आला. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला साहेब म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता आणि फोटो माझ्यापेक्षा बरे यायचे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात, गणपतीला पंधरावीस दिवस असताना, नेरे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आम्हाला तिबोटी खंड्याचं घरटं सापडलं. हा चिमणीएवढा पक्षी. नारिंगी, जांभळा, निळा, आणि चोच पोवळ्यासारखी लाल. त्याच्या एका फोटोसाठी माणसं मुंबई-पुण्याहून गाड्या काढून येतात. ओहोळाच्या काठाला मातीचा उभा कापलेला भाग होता, त्यात मनगट जाईल एवढं भोक. आतून बारीक किरकिर ऐकू येत होती.

शेत ज्या बाईंचं होतं त्या तिथेच भात बेणत, तण उपटत होत्या. पन्नाशीच्या, अंगावर लाल लुगडं. आमच्या पिशव्या आणि नळकांडी बघून जवळ आल्या.

"पिल्ला हायेत आत," त्या म्हणाल्या. "तीन वरसं झाली, हितंच येतंय. आमचा घरवाला बांधाला माती काढनार होता हितली, मी नाय काढू दिली. धुनं बी आता मी खाली नेते. तुमी काढा फोटो, पन लांबून हां, दादा."

"मावशी, आम्हाला कळतं ते," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी आम्ही खरंच लांब बसलो. चाळीसेक फूट. हिरवी जाळी अंगावर घेतली, लेन्सला कचऱ्याची काळी पिशवी बांधली. बायकोने जुन्या जीन्सच्या पायात मटकी भरून उशी शिवून दिली होती, ती दगडावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली. अशा उशीवर लेन्स ट्रायपॉडपेक्षा खाली, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येते. (त्या मटकीला तिसऱ्या दिवशी मोड आले.) पक्षी दर पंधरावीस मिनिटांनी यायचा. तोंडात कधी कोळी, कधी बेडकी, कधी सापसुरळी. एका मुळावर क्षणभर टेकायचा की सरळ भोकात. आतली किरकिर वाढायची आणि थांबायची. झाडीतला उजेड असा की शटरचा वेग अडीचशेच्या वर नेला की फोटो काळा. पक्षी दोन सेकंद बसणार, तेही हलत. दिवसभरात माझ्या हाती काही लागलं नाही. भाई मात्र खूश होता. "आत जाताना बघितलास? पोरं कशी ओरडतात, वा!" त्याने अर्धा वेळ कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं बघितलं होतं. मला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी जाळी पुढे नेली. पंधरा फुटांवर. आणि भोकासमोर, काठापासून हातभर अलीकडे, शेवाळ चढलेली एक सुंदर वाकडी काडी रोवली. ही आमच्यातली जुनी युक्ती. पक्ष्याला बसायला हवी ती जागा आपण द्यायची, म्हणजे मागचा काठ धूसर होतो आणि पक्षी एकटा उठून दिसतो. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की मागची माती अशी विरघळते की लोणी वाटावं. त्या लोण्यात ते भोकही विरघळलं. मला तेच हवं होतं. भोक दिसलं की फोटो माहितीपर होतो, असं मी शिकवायचो.

पक्षी आला, काडीवर बसला, आणि बसूनच राहिला.

मला विश्वासच बसेना. काल दोन सेकंद बसणारा आज दहा मिनिटं, वीस मिनिटं बसत होता. तोंडात शिकार तशीच. मान इकडे वळवायचा, तिकडे वळवायचा, मध्येच शेपूट वरखाली करायचा, उडून मागच्या फांदीवर जायचा आणि पुन्हा काडीवर यायचा. मी आडवा काढला, उभा काढला, नुसता चेहरा काढला. "सवय झाली त्याला आपली," मी भाईच्या कानात म्हणालो. "काडी आवडली बघ."

दुपारी भाईने कॅमेरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "साहेब, आज तो आत गेलाच नाही."

"गेला असेल. तू चहा पीत होतास तेव्हा."

"नाही गेला. मी भोकाकडेच बघतोय. आपण मागे सरू या ना यार. त्या जिवावर रहम कर थोडा."

मी त्याला काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. म्हणालो, "तुझ्याने होत नसेल तर दुकानात जाऊन खिळे मोज. एवढी लेन्स काय शोभेला आणलीस कुवेतहून?" त्याने सामान आवरलं. एवढी जड लेन्स खांद्यावर घेऊन तो चिखलातून एकटा रस्त्यापर्यंत गेला. मी वळूनही बघितलं नाही, कारण पक्षी काडीवर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी जागेवर होतो आणि उजेड जाईपर्यंत हललो नाही. डबा मांडीवर ठेवून जेवलो. आतली किरकिर बारीक झाली होती. दुपारी बाई शेतातून आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"दादा, ते तोंडान घेऊन बसलंय कवापासून. तुमी उठल्याबिगर ते आत जायाचं नाय."

"मावशी," मी मान न वळवता म्हणालो, "तुमची साडी लाल आहे. पक्षी रंगाला घाबरतो. जरा बाजूला व्हा."

त्यांचंच शेत, त्यांनीच राखलेला तो काठ. तरी त्यांनी पदर आवळून घेतला आणि बाजूला झाल्या. मला वाटलं, चला, अडथळा टळला.

चौथ्या दिवशी पाऊस उघडला. ढग होते पण पातळ, म्हणजे उजेड भरपूर आणि सावली कडक नाही. असा उजेड वर्षातून चार दिवस मिळतो. पक्षी सापसुरळी घेऊन आला. अख्खी, चकचकीत, डोकं बाहेर. काडीवर आडवा बसला आणि मान माझ्याकडे किंचित वळवली. पक्ष्याचा डोळा आणि सापसुरळीचा डोळा, दोन्ही एका रेषेत, दोन्ही सुईसारखे स्पष्ट. मी श्वास रोखून बटण दाबलं. भोकातून आवाज येत नव्हता, आणि मला ते बरंच वाटलं. पिल्लं झोपली असतील, असंही एकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी फार सुखी होतो.

बाई आल्या. लाल लुगड्यानिशी सरळ माझ्या लेन्सच्या समोरून चालत काठापाशी गेल्या. पक्षी उडाला. मी ओरडलो. त्यांनी भोकाकडे बोट दाखवलं आणि तिथेच उकिडव्या बसल्या.

मी जाळीतून बाहेर आलो आणि जवळ गेलो. भोकाच्या तोंडाशी मुंग्यांच्या दोन रांगा होत्या. एक आत जात होती, एक बाहेर येत होती. बाहेर येणाऱ्या रिकाम्या नव्हत्या.

चार दिवस मी त्या भोकाकडे तोंड करून बसलो होतो. मुंग्या माझ्या आजच्या प्रत्येक फोटोत होत्या, त्या लोण्यात.

"उठा हितनं," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी सामान गोळा केलं आणि आम्ही दोघं वर बांधावर गेलो, चांगलं शंभर फुटांवर. काडी तशीच राहिली होती.

दहाएक मिनिटांनी पक्षी आला. तीच सापसुरळी, डोकं बाहेर. काडीवर टेकला न टेकला आणि सरळ भोकात शिरला. तीन दिवस जे दिसायला हवं होतं ते आम्ही हलल्याबरोबर दिसलं. तो आत बराच वेळ राहिला. बाहेर आला तेव्हा सापसुरळी चोचीतच होती. तो काडीवर बसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, का ते सांगता येत नाही, हाताला दुसरं काही येत नव्हतं. लेन्समधून मला तो स्पष्ट दिसला. त्याने सापसुरळी काडीवर एकदा आपटली. मग चोच वर करून तिला हळूहळू, थोडी थोडी सरकवत फिरवली. डोकं आत घेतलं. आणि गिळली.

याचा अर्थ काय होतो ते पनवेल तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मीच शिकवत होतो. माझं बोट मात्र त्याही वेळी बटणावर चालूच होतं. बाईंना त्या टकटकीचा आवाज ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या शेतात निघून गेल्या.

घरी येऊन फोटो संगणकावर घेतले आणि आधीच्या दिवसांचेही पुन्हा उघडले. प्रत्येक फोटोखाली वेळ असते. तिसऱ्या दिवशी एकच बेडकी आठ वाजून बारा मिनिटांनी चोचीत आहे आणि दहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनीही चोचीत आहे. तीच बेडकी, तोच लोंबणारा पाय. मी त्या फोटोंना आदल्या रात्रीच "अप्रतिम" नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भाईला सगळं सांगितलं. तो गिऱ्हाइकासाठी स्क्रू मोजून घेत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तरी काय केलं, साहेब? मी फक्त उठून गेलो. तुला उठवलं नाही." तेव्हापासून तो माझ्याबरोबर येत नाही. ईदला शिरखुर्मा पाठवतो, पण बरोबर येत नाही.

आणि एवढं होऊनही मी काय केलं? तो चौथ्या दिवसाचा फोटो, दोन्ही डोळे स्पष्ट असलेला, मोठा करून चांगल्या फ्रेममध्ये बसवला आणि बाईंना द्यायला नेऱ्याला घेऊन गेलो. मला वाटलं, त्यांचा पक्षी त्यांच्या घरात राहील. इतका मी निर्लज्ज होतो. काठाची माती काढून झाली होती, बांध नवा दिसत होता. बाईंनी फ्रेम हातात घेतली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघितलं.

"लय चांगला आलाय," त्या म्हणाल्या. मग सापसुरळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "यो घास पोरांचा हाय. घेऊन जा, दादा. माझ्या घरान नको."

मी घेऊन आलो. माझ्या हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलासमोर, मी तो स्वतः खिळा ठोकून लावला. बायको म्हणाली, इथे कशाला, जेवताना सारखी पाल दिसते. मी म्हटलं, राहू दे. दोन वेळा त्याच्यासमोर बसून जेवतो. घास घशाखाली उतरतो, हे खरं वाईट आहे.

रविवारचा वर्ग मी बंद केला. तरी येणारे घरी येतात, फोटोसमोर थांबतात. परवा एक तरुण जोडपं आलं होतं, दोघांनी नवी लेन्स घेतलेली. मुलगी अगदी काचेला नाक लावून बघत होती.

"काका, काय पोज दिलीय हो! दोन्ही डोळे शार्प. किती वेळ बसला होता हा असा?"

"मी उठेपर्यंत," मी म्हणालो.