जाळीवरचं गंध

चेन्नईत पीएच.डी. करत होते तेव्हा माझं काम एका वाक्यात सांगता यायचं: एक उंदीर दुसऱ्या उंदराजवळ किती वेळ बसतो ते मोजणं. आई सोलापूरहून फोनवर विचारायची, "आणि ह्यासाठी तुला डॉक्टर म्हणणार?" मी चिडायचे. राग माझ्या नाकावरच असायचा.

गरोदर उंदरिणीला फिट्सवरचं एक औषध ठरावीक दिवशी दिलं, की तिची पिल्लं एकलकोंडी निघतात. स्वमग्नता समजून घ्यायला आम्ही ती पिल्लं वापरायचो. पारदर्शक प्लास्टिकची तीन खणांची पेटी होती. एका टोकाला जाळीच्या पालथ्या वाटीखाली अनोळखी उंदीर, म्हणजे पाहुणा. दुसऱ्या टोकाला तसलीच रिकामी वाटी. मधे आपला उंदीर सोडायचा आणि दहा मिनिटं बघत बसायचं. साधा उंदीर पाहुण्याकडे धावतो. ही पिल्लं मात्र त्याच्याकडे फिरकत नाहीत.

उंदरांचं खाणंपिणं, पिंजरे, धुणं सगळं एक मामा बघायचे. तंजावरकडच्या मराठी घरातले. महाराष्ट्र कधी पाहिलेला नाही, मराठी जुनी आणि हेल पक्का तमिळ. मी आईशी फोनवर भांडत असताना ते हातात पिंजरा घेऊन ऐकत उभे राहिले होते, तीच आमची ओळख. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला पोरी. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतला त्यांचा कारखाना बंद पडल्यावर बरेच महिने घरी बसून त्यांना हे काम मिळालं होतं, तेही कंत्राटदारामार्फत. एक तक्रार गेली की माणूस बदलायचा. हे मला चांगलं माहीत होतं.

खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा असते. आमच्याकडे फ्रीजपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागलं. मलाही घरच्या दसऱ्याची आठवण आली. मी पेटीकडे वळले तर मामा म्हणाले, "मशिनला लाव, पोरी. उंदराच्या सामानाला नको. त्याला नाक असतं."

"अहो मामा, गणपतीचं वाहन ते! त्याला गंधाचं कसलं वावडं?" म्हणत मी पाहुण्याच्या वाटीला ठसठशीत बोट लावलं. कापूर घातलेलं चंदन होतं, वर कुंकू. सुट्टीनंतर स्पिरिटनं पेटी आणि दोन्ही वाट्या पुसल्या आणि विसरूनही गेले.

मग साध्या उंदरांची पाळी आली. एकही पाहुण्याकडे जाईना! सगळे रिकाम्या वाटीपाशी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सगळेच स्वमग्न झाले की काय! साध्या उंदरांची ही तऱ्हा, तर पुढचं काम करायचं कशाच्या जोरावर? माझं डोकं फिरलं. पुसलं मी होतं, म्हणजे माझं चुकणं शक्यच नाही. वाट्या धुवायचे मामा.

"मामा, फिनेल वापरलंत ना? खरं सांगा."

"नाही ग पोरी. नुसतं गरम पाणी."

"मग काय उंदीर खोटं बोलतायत?"

ते वाट्या उचलून धुवायला घेऊन गेले. मी तरातरा माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेले आणि मामा वाट्या फिनेलनं धुतात असं सांगून टाकलं. संशय आहे, असंसुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांपाशी नवा माणूस होता.

नव्या माणसानं माझ्यासमोर नुसत्या पाण्यानं वाट्या धुतल्या. उंदीर तरीही तसेच. तेव्हा कुठे मी पाहुण्याची वाटी उचलून नाकाशी धरली. कापूर. खिडकीपाशी नेऊन बघितलं तर तारेच्या पिळात लाल कण अडकलेले. रोज पाहुण्याला तीच वाटी ठेवायची नसते, आलटूनपालटून ठेवायची असते. तेही मी आळसानं केलं नव्हतं. केली असती अदलाबदल, तर दोन दिवसांत कळलं असतं. मला स्वतःची अशी लाज वाटली की जेवायलाही गेले नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सगळं पहिल्यापासून करा," आणि त्यांनी कंत्राटदाराला फोन लावला. माझं काय होईल याची भीती नव्हती. मामांना दुसरीकडे काम मिळालं असेल तर बरं, आणि नसेल तर ते परत येवोत, एवढंच डोक्यात होतं.

आठवड्यानं मामा आले. मी बोळातच त्यांना गाठलं. "मामा, चुकलं माझं. ते गंध मीच लावलं होतं. तुमचं ऐकलं नाही आणि वर तुमच्यावरच आळ घेतला."

त्यांनी पिंजरे खाली ठेवले. माझ्याकडे नीट बघितलं.

"परवायिल्ल, मॅडम," ते तमिळमध्ये म्हणाले. असू दे, मॅडम. आणि पिंजरे उचलून आत गेले.

पुढे दोन वर्षं मी तिथेच होते. काम त्यांनी कधी चुकवलं नाही. मी रोज मराठीत काही ना काही विचारायचे. ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे.