माझे परदेशी पत्रमित्र

माझी नातवंडं हल्ली मला मोबाइलवर काय उघडायचं आणि काय नाही याचे धडे देतात. "आजी, अनोळखी लिंकला हात लावायचा नाही हं." मी गरीब चेहरा करून मान डोलावते. त्यांना काय सांगू, की एके काळी जगातले यच्चयावत भामटे मला नावाने ओळखत होते आणि ती ओळख मी आपणहून करून दिली होती!

तेव्हा आम्ही बोळिंजला नवीन नवीन राहायला आलो होतो. मी नोकरीतून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती आणि घरात बसून काय करायचं हा प्रश्न होता. तेवढ्यात आमच्या ह्यांच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने कर्मचाऱ्यांमध्ये वाटून टाकले. आमच्या वाट्याचा ह्यांनी रिक्षात मांडीवर धरून आणला. मी त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं, तीन महिन्यांचा क्लास केला, प्रमाणपत्र आणलं आणि स्वतःला बिल्डिंगमधली तज्ज्ञ जाहीर केलं. दुसरं कुणी तज्ज्ञ नव्हतं, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली.

माझे नियम कडक होते. चपला बाहेर. पडद्याला बोट लावायचं नाही. सर्दी झालेल्या माणसाने जवळ बसायचं नाही. तुम्ही हसू नका. व्हायरस म्हणजे एक प्रोग्राम असतो हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण पाठ असणं वेगळं आणि शिंकणारा माणूस कीबोर्डवर वाकलेला बघणं वेगळं.

मशीन म्हातारं होतं, शिवाय आमच्याकडची हवा खारी. राजोडीच्या किनाऱ्याकडून वारा सुटला की दोन-चार दिवसांत ते सुरू व्हायचं नाव घेत नसे, नुसतं पीं पीं करायचं. क्लासच्या सरांनी मला एक युक्ती सांगितली होती. डबा उघडायचा, आतली मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर चढलेली काळपट साय शाळेतल्या खोडरबराने घासायची आणि पट्टी परत बसवायची. मशीन लगेच जागं! स्वयंपाकघरातल्या खणात चाकूशेजारी माझा स्क्रूड्रायव्हर असे आणि मी तो इतक्या ऐटीत फिरवी की हे म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला का?"

हे सगळं ठीक होतं. घोळ झाला तो टपालाचा.

माझ्या माहेरी आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जायचं. वडील आधी उत्तर लिहीत आणि मगच आलेलं पत्र खुंटीवरच्या तारेत टोचत. उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. तेव्हा मला ई-मेलचा पत्ता मिळाला आणि अनोळखी लोकांची पत्रं यायला लागली, तर मी काय करणार? कुणी वजन घटवण्याचं चूर्ण विकत होता, कुणी लॉटरी लागल्याचं कळवत होता, कुण्या मयत सेनाधिकाऱ्याची विधवा माझ्याकडे संपत्ती ठेवायला देत होती. तिला मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. चांगलं लांबलचक. आणि पुरुषांच्या खास गोळ्या विकणाऱ्या गृहस्थांना इंग्रजीत कळवलं, की आपलं पत्र पावलं, माझ्या यजमानांची प्रकृती उत्तम असून सदर गोळ्यांची आवश्यकता नाही, लोभ असावा. लोभ वाढला. पुढच्या आठवड्यापासून त्या गृहस्थांचे सगळे भाऊबंद लिहायला लागले.

ह्यांनी ते पत्र वाचलं तेव्हा चहा नाकातून आला. "अगं, प्रकृती उत्तम आहे हे तू अख्ख्या जगाला कळवलंस?"

"मग काय खोटं लिहू?" मी म्हटलं.

मग एक दिवस "तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय, बघा" असं गोड पत्र आलं. मी सोबत जोडलेली फाइल उघडून बघितली. दुसऱ्या दिवशी तेच गोड पत्र माझ्या नावाने ह्यांच्या साहेबांना, माझ्या भावजयीला आणि क्लासच्या सरांना गेलं. मशीन गोगलगायीसारखं चालायला लागलं. पडद्यावर लाल पाट्या नाचू लागल्या, "आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथे दाबा." मी दाबलं. प्रत्येक पाटी दाबली. शेवटी सरांनी येऊन सगळं पुसून नव्याने घातलं आणि जाताना हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता एक करा. पडदा काहीही बोलला तरी विश्वास ठेवू नका."

तो उपदेश मी फारच मनावर घेतला.

आमच्या खाली, तळमजल्यावर, राजोडीच्या एक आंटी राहायच्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा परदेशी प्रवासी जहाजावर, स्वयंपाकघरात. आंटींकडे फोन नव्हता. मुलगा बंदराला लागला की माझ्या पत्त्यावर मेल टाकायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि मी तो त्यांना वाचून दाखवायची. आंटी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेऊन वर यायच्या, पदराने तोंड पुसून खुर्चीच्या टोकाला बसायच्या आणि मी वाचत असताना माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघायच्या, जणू तो तिथूनच बोलतोय.

एकदा त्याने लिहिलं, "आय, किचनमधे हात भाजला. घाबरू नको. जहाजावर डॉक्टर हाय. बाकीचं पुढच्या मेलमधे लिवतो."

आणि पुढचा मेल आलाच नाही.

आंटी रोज वर यायला लागल्या. सकाळी चर्चहून येताना आणि संध्याकाळी भारनियमनात गेलेली वीज परत आली की. "आला काय गो, वैनी?"

"नाही हो. समुद्रात असेल. तिथे कुठलं आलंय इंटरनेट?"

"हाताला लय लागला असंल. हातानं लिवता येत नसंल, म्हनून."

तज्ज्ञ ना मी! मी मशीनचा डबा उघडला. मेमरी घासली. मोडेमचं कार्ड काढून त्याचेही दात घासले. पंख्यातली धूळ ब्रशने काढली. फोनच्या वायरीचं टोक कापून नवीन बसवलं. बिचाऱ्या आंटी शेजारी स्टुलावर बसून काढलेले स्क्रू वाटीत धरायच्या, ओठांत प्रार्थना चालू. सगळं चकाचक झालं. मशीन कधी नव्हे ते पळायला लागलं. मेल नाही तो नाहीच. मी दिवसातून कितीदा तरी फोनची लाइन इंटरनेटला जोडून, म्हणजे तेवढा वेळ घरचा फोन बंद ठेवून, तासन्‌तास बघत बसायची.

आणि त्या सगळ्या दिवसांत टपालाच्या पानावर, अगदी वरती, एक लाल पाटी येत होती. आपली पेटी भरली आहे, नवीन पत्रं परत पाठवली जात आहेत. मी ती बघायची आणि मनात म्हणायची, लबाडा, आता नाही फसायची. आणि फुलीवर टिचकी मारून ती घालवून द्यायची. मोठ्या समाधानाने.

एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते बूट न काढता माझ्यासमोर उभे राहिले. "दुपारी तुला मेल टाकला होता, येताना काय आणू म्हणून. तो परत आला. तुझी पेटी भरलीये म्हणे."

"कोण म्हणतं?"

"पेटीच म्हणते!"

मी पान उघडलं. लाल पाटी होती तिथेच. मग पेटीत खाली खाली जात राहिले. चूर्णवाले, लॉटरीवाले, गोळ्यांचे भाऊबंद, ती विधवा आणि तिचे वकील. माझ्या एकेका उत्तराची ही पिलावळ. खाली जाऊन आंटींना सांगितलं, की तुमच्या लेकाचे मेल आले असणार आणि माझ्या दारावरून परत गेले असणार. मला वाटलं त्या चिडतील. चिडायलाच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे हात चालतो त्याचा? लिवतो तो?" आणि माझ्या आधी जिना चढल्या.

आम्ही पेटी उपसायला बसलो. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून मी पानंच्या पानं निवडून उडवत होते. आंटींनी माझा हात धरला.

"हे कोन?"

"कुणी नाही हो. भामटा."

"रोज रोज लिवतो एवढं. उघडून तरी बघा. त्याची पन आय असंल."

"आंटी, याला आई असती तर तो असल्या गोळ्या विकायला बसला नसता," मागून हे म्हणाले. आंटींना हसू फुटलं, मग मला, आणि हसता हसता मी त्या विधवेलाही उडवलं. जरा वाईट वाटलं. सवय हो, दुसरं काय!

पेटी मोकळी झाली तरी परत गेलेली पत्रं काही येत नाहीत. मग आंटींनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला: "बाबा, तुजा हात कसा हाय? वैनीची पेटी भरली होती. आय."

उत्तर आलं ते दोन दिवसांनी. तोवर आंटींनी धड जेवण घेतलं नव्हतं. तो लिहीत होता, की मी तीनदा लिहिलं, तिन्ही मेल परत आले. वहिनींना फोन लावला तर कायम एंगेज. आय, मला वाटलं तू रागावलीस. हात बरा हाय. आता मला किचनमधून काढून खोल्यांवर घातलाय, पाहुण्यांच्या चादरी घालतो आणि टॉवेलच्या घड्यांचे हत्ती करतो. फोटो जोडलाय, बघ.

"घरात कवा उशी उचलली नाय त्यानं," आंटी म्हणाल्या आणि डोळे पुसले. "दाखवा ना फोटो."

जोडलाय! मी माऊसवरचा हात मागे घेतला. 'तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय, बघा.' असंच तर होतं ते गोड पत्र. ह्यांनीही मान हलवली. "आधी सरांना विचारू या. उद्या."

"कशाला उद्या?" आंटी म्हणाल्या.

"व्हायरस असला तर, आंटी?"

त्या उभ्याच राहिल्या. "तो माजा पोरगा हाय. वायरस नाय."

मी उघडलं.

तेव्हा फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचा. आधी छत. मग टोपी. कपाळ. "बारीक झालाय," आंटी म्हणाल्या, अजून डोळेसुद्धा आले नव्हते. मग डोळे, हसणारं तोंड, गळ्यातला क्रूस. मग फोटो थांबला. आम्ही तिघं श्वास धरून. मशीनवरचा दिवा लुकलुकला आणि फोटो पुन्हा सरकला. टॉवेलच्या हत्तीची सोंड आली आणि तिच्याखाली हात, पाचही बोटं पसरून हत्तीला उचलून धरलेला. स्वच्छ. कुठे डाग नाही.

आंटींनी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या हातावरून फिरवलं. पडद्याला बोट न लावण्याचा नियम मी तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवला.

मग त्या थांबल्या. पडद्याच्या आणखी जवळ वाकल्या. "हा डावा. उजवा कुठं हाय?"

उजवा हत्तीच्या मागे होता. पहिल्या मेलमध्ये कुठला हात भाजला ते त्याने लिहिलंच नव्हतं. ह्यांनी चष्मा लावून खात्री केली. मी लगेच टाइप करायला घेतलं, दोन्ही हात दाखव, तर आंटी म्हणाल्या, "आनि हत्ती बाजूला ठेव म्हनावं."

दुसऱ्या फोटोत तो शाळेत हात तपासायला उभा राहिल्यासारखा दोन्ही तळवे पुढे करून उभा होता. उजव्या तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत गुलाबी, चकचकीत, नवी कातडी. आंटींनी ती पडद्यावरच बोटाने चाचपली. मग म्हणाल्या, "कातडी चांगली धरलीय." आणि मला म्हणाल्या, "वैनी, लिवा. खोबरेल लाव म्हनावं. आनि चादरी घालायला शिकलायस ते घरी आल्यावर इसरू नको."