लाटांविषयी आपलं मत

समोरचा बोलायला तोंड उघडतो न उघडतो, तोच आमच्या सरांची मान हलायला लागायची. वाक्य संपेपर्यंत ती हलत राही आणि मग ठरलेलं वाक्य येई, "छान मुद्दा आहे. हा आपण पार्क करूया." मग ते भिंतीवरच्या मोठ्या कागदापाशी जात आणि मुद्दा तिथे चिकटवून टाकत. तिथे चिकटलेला मुद्दा पुन्हा खाली उतरलेला मी कधी पाहिला नाही.

इथे परदेशात, रॅफल्स प्लेसच्या आमच्या ऑफिसात ते माझे वरिष्ठ. लोकांची मतं गोळा करून देणं हा कंपनीचा धंदा. कुठल्या कॉन्डो सोसायटीला स्विमिंग पूल बुजवायचा असतो, कुठल्या क्लबला फी वाढवायची असते. ते आधीच ठरलेलं असतं, फक्त लोकांना विचारल्यासारखं दिसायला हवं असतं. तिथे आम्ही लागतो. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही असा माणूस तुम्ही पाहिला असेल. तो सगळ्यांचं ऐकतो, कुणाला दुखवत नाही, आणि घरी जाताना नेमकं काय ठरलं हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या सरांना त्याचा पगार मिळायचा, एवढाच फरक.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत मोदक उकडीचे की तळणीचे यावर वाद पेटला. सरांनी रंगीत चिकट कागद आणले, गट पाडले, प्रत्येकाला मत लिहायला लावलं. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी स्वयंपाकघरातून एक वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "तळणीचे सकाळीच तळून ठेवलेत."

सर प्रसन्नपणे म्हणाले, "म्हणजे एकमत झालं."

त्यांचं स्वतःचं मत काय, हे कुणालाच ठाऊक नसे. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "अगं, पंखा किती वर ठेवू विचारलं तरी म्हणतात, तुला काय वाटतं?"

२०१५च्या आसपास आमच्याकडे एका जलाशयावरच्या क्लबांच्या संघटनेचं काम आलं. वेकबोटींसाठी नियम करायचे होते. वेकबोट म्हणजे मुद्दाम मागे मोठी लाट उठवणारी बोट. त्या लाटेवर तरुण मंडळी फळीवर उभी राहून उड्या मारतात. त्याच पाण्यात कायाक, म्हणजे लहान अरुंद होड्या, वल्हवणाऱ्यांना ती लाट नकोशी होते. संघटनेतली वजनदार माणसं बोटवालीच होती, त्यामुळे नियम काय येणार हे आम्हाला कळून चुकलं होतं. उरलं होतं ते लोकांचं ऐकणं.

मी म्हटलं, "सर, एकदा जलाशय बघून येऊ या का? लाटा केवढ्या असतात ते तरी कळेल."

"तीच तर चूक," ते म्हणाले. "पाणी बघितलं की मत होतं. आपण न्यूट्रल राहायचं."

खरं कारण मला त्यांच्या बायकोकडून कळलं होतं. त्यांना पोहता येत नव्हतं.

पहिली सभा तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये झाली. हौगांगला राहणारी, साठी उलटलेली एक चिनी आंटी उठली. बोटी फार जवळून जातात, आमच्या कायाक उलटतात, म्हणाली. सरांची मान सुरू झालीच होती. "छान मुद्दा आहे," ते म्हणाले. "मी स्वतःला तुमच्या जागी ठेवून बघतो."

आंटी म्हणाली, "जागा आहे. माझी कायाक दोघांची आहे. शनिवारी सकाळी ये. टोपी आण."

हॉल हसला. संघटनेच्या अध्यक्ष बाईही हसल्या, म्हणून सरांना जावं लागलं.

शनिवारी ते इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात आले. लाइफ जॅकेटवर त्यांनी ऑफिसचा बिल्ला लावला होता. मी काठावर उभी होते. आंटी पुढे, सर मागे, हातातलं वल्हं झाडूसारखं धरलेलं. थोडं आत गेले असतील नसतील, एक बोट गाणी लावून बाजूने गेली. पहिल्या लाटेला कायाक वर उचलली गेली, दुसरीला कलली, आणि "आई गं" एवढं ऐकू आलं.

त्यांना धक्क्यावर ओढून घेतलं. बोटीवरचा पोरगा ओरडून म्हणाला, "सॉरी अंकल, नॉर्मल वेव्ह आहे."

वर्षानुवर्षांच्या सवयीने सरांची मान हलायला लागली आणि मध्येच थांबली. ते बूट काढून त्यातलं पाणी ओतत बसले.

शेवटच्या सभेत निष्कर्ष वाचून दाखवायचे होते. ते संघटनेकडूनच तयार होऊन आले होते. एक ओळ होती, लाटांविषयी गंभीर तक्रार आढळली नाही. सरांनी "लाटांविषयी" एवढं वाचलं आणि थांबले.

"मी पडलो होतो," ते म्हणाले.

अध्यक्ष बाई गोड हसल्या. "ते आपण नोंदवून घेऊ."

"नोंदवून काय होणार? बोटी लांबून जाऊ द्या. हे माझं मत आहे."

'माझं' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. नवा बूट चावावा तसा तो शब्द त्यांना चावत असावा. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आंटी हसली नाही.

कंपनीने त्यांना बोलावून समजावलं की त्यांची तटस्थता गेली आहे. आमच्या धंद्यात याचा अर्थ नोकरी गेली, आणि इथे नोकरी गेली की राहण्याचा पासही जातो. मुलीची शाळा मध्येच सुटली, फ्लॅट रिकामा झाला, सामान खोक्यांत गेलं. ऑफिसने त्यांना जेवण दिलं आणि रंगीत चिकट कागदांवर शुभेच्छा लिहून दिल्या. सर्वांत मोठी शुभेच्छा त्यांना काढणाऱ्या साहेबाची होती.

पुढे नियम आले. बोटी पूर्वीच्याच मार्गाने जाणार होत्या, फक्त त्यांनी सौजन्याने जावं, अशी भर पडली होती.

त्यानंतर एकदा मी जलाशयावर गेले. आंटी कायाक पाण्यात ढकलत होती. मला पाहून तिने विचारलं, "तुझा बॉस गेला?"

"गेले. पुण्याला."

"जाईपर्यंत दर शनिवारी यायचा."

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोलाही नसावं. मी विचारलं, "पोहायला शिकले का?"

"नाही लाह," ती इथल्या बोलीत म्हणाली. "मागे बसून नुसता बोलायचा. तुमच्या भाषेत. मला काय कळतंय? मी आपली वल्हं मारायची." ती पुढच्या जागेवर बसली. मागची जागा रिकामी असल्याने कायाकचं टोक जरा खाली गेलं. "ए, 'नको' म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"ओ," आंटी म्हणाली. "ते तो खूप वेळा म्हणायचा."

पलीकडून एक बोट येत होती. आंटीने तिच्याकडे पाहिलं आणि शब्द चाखून बघावा तशी हळूच म्हणाली, "नको."

बोट तशीच येत राहिली. आंटीने कायाकचं टोक लाटेकडे वळवलं आणि या वेळी जरा मोठ्याने म्हणाली, "नको."